हिमनदी दगडांची असते

हिमनदीची बातमी आपल्याकडे येते ती पाण्याची बातमी म्हणून. अमुक मीटर मागे गेली, तमुक टक्के पातळ झाली, आता गंगेचं काय होणार. उज्जैनच्या माधवनगरात राहणाऱ्याला ही भाषा लगेच पटते. आमच्या क्षिप्रेच्या डोक्यावर बर्फ नाही. ती इंदूरजवळच्या टेकड्यांतून निघते, पावसाळा सरला की आटत जाते. २०१४ पासून तिच्यात नर्मदेचं पाणी पंपाने चढवून सोडतात, आणि २०१६चा सिंहस्थ त्याच उसन्या पाण्यावर पार पडला. ज्यांच्या नदीला हिमाचा आधार नाही त्यांना हिमनदी म्हणजे वर साठवून ठेवलेलं पाणी वाटावं, यात नवल नाही. पण हा हिशोब अर्धा आहे आणि जो अर्धा भाग त्यातून सुटतो तोच माणसांच्या जिवावर उठतो. हिमनदी पाणी देते हे खरंच. तिचं मुख्य काम मात्र दगड वाहून आणून टाकणं हे आहे. हिमालयातली गेल्या काही वर्षांतली मोठी संकटं पाहिली तर त्यांत माणसं गाडली गेली ती मुख्यतः दगडमातीखाली.

हे आपल्या, म्हणजे मराठी माणसाच्या, लक्षात यायला आणखी एक अडचण आहे. आपण पाषाणावर वाढलेले लोक आहोत. माधवनगर, बोलीत फ्रीगंज, शिंद्यांच्या काळात रेल्वेच्या पलीकडे आखून वसवलेली वस्ती. माळव्यात घराचा पाया खणताना आधी काळी माती निघते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसात फुगणारी. तिच्यावर कुणाचा भरवसा नसतो. मग पिवळसर मुरूम लागतो, आणि एका खोलीवर पहार ठणकन वाजते. तो आवाज आला की मिस्त्री कपाळावरचा घाम पुसतो आणि घरमालक निर्धास्त होतो. हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, सह्याद्रीपासून माळव्यापर्यंत पसरलेला. वेरूळचं कैलास याच्यात वरून खाली कोरलं. गडकिल्ले याच्याच कड्यांवर उभे राहिले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी अठराव्या शतकात महाकालाचं देऊळ पुन्हा उभारलं तेही याच भूमीवर. डोंगर म्हणजे आतून-बाहेरून एकसंध दगड, वरची माती काय ती निसरडी, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. माळीण आणि इर्शाळवाडीच्या दरडींनी तिला तडे दिले, तरी ती मोडलेली नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास महाकालाच्या गावातून केदाराला जाणाऱ्या गाड्या भरतात तेव्हा हीच समजूत आपल्या सामानासोबत वर जाते. तिथे रस्त्याकडेला उभ्या भिंतीसारखा चढ दिसतो आणि आपण त्याला डोंगर समजतो. पुष्कळदा तो ढीग असतो.

हा ढीग होतो कसा, ते नीट पाहायला हवं. उंचावरचा बर्फ वर्षानुवर्षं साठून जाड झाला की स्वतःच्या वजनाने वाहू लागतो. फार हळू, पण थांबत नाही. त्याच्या तळाशी थोडं पाणी असतं. ते खालच्या खडकाच्या भेगांत शिरून गोठतं, आणि वरचा बर्फ सरकला की भेगेपाशी सैल झालेला तुकडा उपटून सोबत नेतो. उपटलेला तुकडा बर्फात रुतलेलाच राहतो आणि वाटेतला खडक ओरबाडत जातो. घासणाराही झिजतो. त्याला एखादी बाजू सपाट येते, त्या सपाटीवर समांतर रेघा उमटतात. घासून निघालेलं खडकाचं पीठ इतकं बारीक असतं की हिमनदीतून बाहेर पडणारं पाणी दुधट, राखाडी दिसतं; गंगोत्रीला भागीरथीत हात घातलेल्यांना ते आठवत असेल. ही तळातली कमाई झाली. वरची वेगळीच. दोन्ही बाजूंच्या कड्यांवर दिवसा ऊन आणि रात्री गोठण. त्या ओढाताणीत सुटलेले दगड बर्फाच्या पाठीवर पडतात आणि फुकट प्रवास करतात. कडेकडेने त्यांची रांग लागते. दोन हिमनद्या मिळाल्या की आतल्या दोन रांगा एक होऊन मधोमध काळी पट्टी उमटते.

हे सगळं पडतं कुठे? बर्फ संपतो तिथे. एक गोष्ट भूगोलाच्या शालेय पुस्तकात सहसा ठसत नाही. हिमनदीचं तोंड वर्षागणिक मागे जात असलं, तरी तिच्यातला बर्फ एक इंचही मागे जात नाही. तो खालीच येत असतो. तोंडाशी वितळण्याचा वेग येण्याच्या वेगापेक्षा वाढला की तिची हद्द तेवढी वर सरकते. दगडांची आवक चालूच. म्हणून आकसणारी हिमनदी पाणी कमी देईल तेव्हा देईल. दगड ती आज उघडे टाकत असते, आणि जिथे कालपर्यंत बर्फाचा टेकू होता तिथे टाकत असते. हद्द बराच काळ एकाच जागी थबकली तर तिथे मालावर माल पडून अंत्य हिमोढ उभा राहतो, दरीला आडवा, धरणाच्या भिंतीसारखा. बाजूंचे पार्श्व हिमोढ तर शंभर-शंभर मीटर उंच होतात. बर्फ भरलेला असतो तोवर दोन्ही भिंतींना आतून आधार असतो. बर्फ गेला की त्या उभ्या चढावर नुसत्या टेकून राहतात. त्यांच्या पोटात कित्येकदा जुना बर्फही गाडलेला असतो. हाच बर्फ त्या ढिगाचं सिमेंट. तो वितळू लागला की काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

पाण्याने टाकलेला गाळ आणि हिमाने टाकलेला गाळ यांत मुळातच फरक आहे. पाणी सुपासारखं पाखडतं: जोर होता तिथे गोटे, जोर ओसरला तिथे वाळू, आणि निवांत झालं तिथे चिखल. क्षिप्रेच्या काठी खणलं तर हे थर पोरालाही दाखवता येतात. आमच्या उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर जवळच्या कायथ्याला उत्खनन करत होते तेव्हा हाच भरवसा त्यांच्या हाती होता: खालचं आधीचं, वरचं नंतरचं. हिमाला निवड माहीत नाही. खोलीएवढी शिळा, मुठीएवढा दगड, वाळू आणि पीठ, सगळं ते एकाच जागी सोडून देतं. हिमोढाचा उभा छेद पाहिला तर राखाडी मळलेल्या पिठात कडा शाबूत असलेले दगड कसेही रुतलेले दिसतात, काही उभे, काही आडवे, एकमेकांना न टेकलेले. ते पीठ कोरडं असताना खरवडून काढावं लागतं इतकं घट्ट, आणि भिजलं की घसरगुंडी. ज्या जमिनीत एका जातीचा कण नाही तिच्यात पाणी कुठून मुरेल आणि कुठे अडून दाब धरेल याचा नेम नसतो. आपल्या मुरमाला, पाषाणाला स्वभाव असतो. याला तो नाही.

या ढिगाचा सर्वांत जुना आणि सर्वांत शांत नमुना महाराष्ट्रातच आहे, याची मात्र आपल्याला फारशी जाण नाही. चंद्रपूरच्या पश्चिमेला पैनगंगेच्या काठी इरई नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे फेडन तिथे पोचले तेव्हा त्यांना चुनखडकाची गुळगुळीत फरशी दिसली, तिच्यावर समांतर ओरखडे, आणि त्या फरशीवर बसलेला गोट्यांचा थर: लहानमोठे, परक्या खडकांचे, मळलेल्या मातीत कसेही रुतलेले. पुरावा याहून बोलका काय हवा? घासणारा आणि घासलेला, दोघे एकाच जागी. फेडन यांनी १८७५ साली याविषयी लिहिलं तेव्हा ‘उष्ण कटिबंधातल्या भारतात’ बर्फ, हे शब्दच वाचणाऱ्याला खटकावेत असे होते. विदर्भात बर्फ! मे महिन्यात चंद्रपूरला गेलेल्याला हा विनोदच वाटेल.

पण हा विनोद त्याआधीच कुणीतरी गंभीरपणे मांडला होता. १८५६ साली ओडिशातल्या तालचीरला ब्लॅनफर्ड बंधूंनी असाच गोट्यांचा थर पाहिला आणि तो बर्फाचं काम असावा असं म्हटलं. थोरला विल्यम चोवीस वर्षांचा, धाकटा हेन्री बावीसचा. लुई अगासीने आल्प्समधल्या हिमयुगाची कल्पना १८४० साली ग्रंथातून मांडलेली, आणि युरोपातल्या भल्याभल्यांना ती पचायची होती. परके दगड प्रलयाच्या पुराने आले किंवा समुद्रावर तरंगत्या हिमखंडांनी आणले, असं म्हणणारे मातब्बर लोक हयात होते. अशा वेळी कर्कवृत्ताच्या दक्षिणेला बर्फ होता म्हणायला तरुणपणच हवं. (हाच हेन्री पुढे भारताच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला, आणि हिमालयावर बर्फ जास्त पडला की पुढचा मोसमी पाऊस कमी, असं नातं त्याने १८८४च्या सुमारास सुचवलं. एकाच माणसाला या देशात दोनदा बर्फ दिसला, दोन्ही वेळा इतरांच्या आधी.)

थर तालचीरचा, म्हणून नावही तालचीर. त्याच्या वाळूखडकात फेल्डस्पारचे कण ताजे, न कुजलेले सापडतात. उष्ण दमट हवेत फेल्डस्पारची माती व्हायला वेळ लागत नाही. ते टिकलं याचा अर्थ हवा गार होती. हे सगळं सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचं, आपला काळा पाषाण जन्मायच्या कितीतरी आधीचं. तसाच थर दक्षिण आफ्रिकेत ड्वायका, तसाच ऑस्ट्रेलियात, तसाच दक्षिण अमेरिकेत. खंड आज आहेत तिथेच तेव्हा होते असं धरलं, तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना बर्फ पसरलेला मानावा लागतो आणि उत्तरेत त्याच काळच्या कोळशाच्या दलदली. हे कोडं सुटेना. आल्फ्रेड वेगेनरने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खंड सरकतात असं म्हटलं तेव्हा त्याच्या हातातला एक भक्कम पुरावा म्हणजे हे विस्कटलेले ढीग. तुकडे जुळवून दक्षिण ध्रुवाच्या अंगाला ठेवले की सगळे ढीग एका बर्फाच्या चादरीखाली येतात. त्याची टिंगल झाली, आणि ती बरीच वर्षं टिकली. पुरावा मात्र जमतच होता. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉट आणि त्याचे सोबती मेले. त्यांच्या स्लेजवर पस्तीस पौंड दगड होते, शेवटपर्यंत न टाकलेले. त्यांत ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे निघाले, चंद्रपूर-बल्लारपूरच्या कोळशाबरोबर सापडतात त्याच कुळातले. बर्फ गेल्यावर त्याच ढिगांवर रानं उगवली होती आणि रानांचा कोळसा झाला होता. ज्या जातीच्या चुनखडकावर बर्फाने ओरखडे काढले तो आज गडचांदूरकडच्या सिमेंट कारखान्यांना पुरतो. विदर्भाच्या उद्योगाचा पाया बर्फाच्या ढिगाऱ्याशी असा लागून आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे एक धड फलकही लावलेला मला ठाऊक नाही.

इरईचा ढीग आता खडक झाला आहे. तो कुणाचं काही बिघडवणार नाही. केदारनाथचा ढीग खडक झालेला नाही.

केदारनाथ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरवर, मंदाकिनी आणि सरस्वती या दोन प्रवाहांच्या मधल्या सपाटीवर आहे. ही सपाटी म्हणजे चोराबारी हिमनदीने आणि तिच्या पाण्याने आणून पसरलेला माल. दोनेक किलोमीटर वर, हिमनदीच्या कडेच्या हिमोढामागे चोराबारी ताल, गांधीजींच्या अस्थी तिथे विसर्जित केल्या म्हणून गांधी सरोवर. त्याला धड बाहेर जायची वाट नव्हती. १५ जून २०१३च्या संध्याकाळपासून चोवीस तासांत तिथे ३२५ मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या वेधकेंद्राने केली. १७ जूनच्या सकाळी हिमोढाची भिंत फुटली आणि तळं मिनिटांत रिकामं झालं. नंतरची चित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांत पाणी फारसं दिसत नाही. दिसतात दगड, दुसऱ्या मजल्यापर्यंत, करडे, धुतलेले, गावभर. मृतांचा आणि बेपत्तांचा आकडा पाच हजारांच्या वर गेला. देवळाच्या मागे एक प्रचंड शिळा येऊन अडली आणि लोंढा दोन बाजूंना फुटला. तिची आता भीमशिला म्हणून पूजा होते. श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण शिळेने देऊळ वाचवलं या कथेत एक गोष्ट झाकली जाते. शिळाही त्याच लोंढ्याबरोबर आली होती. देऊळ टिकलं म्हणून त्याभोवतीचं गाव टिकावं असं अनुमान निघत नाही. तरी निघालं, आणि पुनर्बांधणीचं सिमेंट त्याच सपाटीवर ओतलं गेलं.

चोराबारीच्या हिमोढावर आधीच शास्त्रज्ञांचं काम झालं होतं, आणि तेही फार देखण्या रीतीने. बर्फ हटून दगड उघडा पडला की काही वर्षांनी त्याच्यावर दगडफूल धरतं. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याचे हे दूरचे भाईबंद, खडकाला चिकटून वाढणारे, वर्षाला मिलिमीटरच्या हिशोबात. सर्वांत मोठ्या डागाचा व्यास मोजला की दगड किती काळ उघडा आहे याचा अंदाज येतो. या मोजणीवरून चोराबारी अठराव्या शतकाच्या मध्यापासून आकसत आल्याचं सांगण्यात आलं. म्हणजे केदारनाथच्या माथ्यावरचा तो ढीग पेशवाईइतका जुना, फार तर. भूगर्भाच्या मोजणीत कालचा. आपण देवळाचं वय शतकांत मोजून भक्तिभावाने सांगतो. देवळामागच्या ढिगाचं वय एकाही यात्रेकरूला ठाऊक नसतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. हिमाने टाकलेल्या मातीवर जग वसलेलं आहे, मग हिमालयातच एवढी धास्ती कशाला? न्यू जर्सीत एडिसन हे गाव आहे. आपल्याकडची किती कुटुंबं तिथे स्थिरावली आहेत हे सांगायला नको. शेवटच्या हिमयुगाचा अंत्य हिमोढ पर्थ अंबॉयपासून मेटुचेन-एडिसनवरून प्लेनफिल्डकडे जातो. तिथल्या मराठी मुलांची शाळा, गणेशोत्सवाचा हॉल, किराणा दुकान यांतलं काही ना काही कॅनडाकडून आलेल्या बर्फाने टाकलेल्या दगडमातीवर असणार. न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडचा कणा तर हिमोढाचाच. अमेरिकेतला मक्याचा पट्टा हिमाने दळलेल्या मातीवर पिकतो. लडाखमध्येही जव होतो तो अशाच मालावर. ढीग म्हणजे धोका असं समीकरण मांडलं तर ते या सगळ्यांनी खोटं ठरतं.

ते मला मान्य आहे, आणि म्हणूनच आक्षेपाचं उत्तर ढिगात नसून त्याच्या वयात आणि उतारात आहे. एडिसनचा ढीग वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्यावर बर्फ नाही, पोटात बर्फ नाही, आणि जमीन सपाट. पृथ्वीचा अक्ष सुमारे ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात कमीजास्त कलतो आणि हिमयुगं येण्याजाण्यात त्याचा हात असतो. त्या कलण्याची खूण उज्जैनकरांना घराजवळच सापडते: कर्कवृत्त आज शहराच्या उत्तरेला डोंगल्यावरून जातं, आणि कल कमी होत असल्याने वर्षाला चौदा-पंधरा मीटरने दक्षिणेला सरकतं; या हिशोबाने आमच्यापर्यंत यायला त्याला जवळपास दोन हजार वर्षं लागतील. निसर्ग आपल्या चालीने गेला तर ढिगांना असा वेळ मिळतो. हिमालयात आता तो मिळत नाही. डोंगर तरणे, उतार उभे, भूकंपांची वहिवाट, आणि वर हवा तापतेय ती माणसाच्या घाईने. जो ढीग सावकाश बसला असता त्याचं बर्फाचं सिमेंट एका आयुष्यात काढून घेतलं जातंय.

३ ऑक्टोबर २०२३च्या रात्री उत्तर सिक्कीममध्ये हे किती उघडपणे घडलं, त्याचे आकडे पाहण्यासारखे आहेत. साउथ ल्होनाक हिमनदीच्या तोंडाशी एक तळं वाढत होतं. त्याच्यावर अनेक वर्षं शास्त्रज्ञांचं लक्ष होतं, इशारेही दिलेले होते. त्या रात्री तळ्याच्या बाजूचा गोठलेला हिमोढ, सुमारे १ कोटी ४७ लाख घनमीटर, कोसळून पाण्यात पडला. उसळलेल्या लाटेने पुढचा हिमोढ फोडला. सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी सुटलं. आणि वाटेत त्या पाण्याने तीस्तेच्या दरीतून जो गाळ उचलला तो, नंतरच्या अभ्यासानुसार, सुमारे २७ कोटी घनमीटर. पाण्याच्या पाचपट दगडमाती. चुंगथांगचं १२०० मेगावॉटचं तीस्ता-३ धरण त्या रात्रीच वाहून गेलं.

आपण ज्याला तळं फुटून आलेला पूर म्हणतो त्याचा पाच-षष्ठांश भाग पूर नव्हताच. धोक्याची घंटा तळ्याच्या पातळीवर बसवली जाते, उपग्रह तळ्याचं क्षेत्रफळ मोजतात, बातम्यांत ‘हिमतळी वाढली’ असं येतं. ते हवंच. पण संकट सुरू झालं बाजूच्या भिंतीपासून आणि फुगलं ते दरीत हजारो वर्षं पडून असलेल्या मालाने. तळ्यांच्या याद्या आपल्याकडे आहेत. ढिगांच्या नाहीत: कुठला हिमोढ किती उंच, आत बर्फ आहे का, त्याच्या खाली प्रवाहाने गाळ टाकून पसरलेला कुठला पंखा, पंख्यावर कुणाची घरं. अशी यादी तालुक्याच्या नकाशावर, पटवाऱ्याला वाचता येईल अशी असती, तर परवानगी देणाऱ्याला निदान सही करताना हात थबकवावा लागला असता.

इथे पहाडी माणसाला दोष देणं सोपं आहे आणि ते फार जण करतात. नदीच्या तोंडावर कुणी घर बांधतं का, असं पुण्या-इंदुरात बसून विचारलं जातं. पण उभ्या दरीत सपाट जागा निर्माण करणारं दुसरं कुणी नाही. हिम आणि त्याचं पाणी यांनीच ती केली. बाकी सगळा चढ. शेत, देऊळ, शाळा, हेलिपॅड, सगळ्यांना तीच हवी. जुनी पहाडी गावं पुष्कळदा त्या सपाटीवर शेती करत आणि स्वतः कडेच्या पक्क्या खडकावर, वर राहत. सपाटीवर पक्की हॉटेलं आली ती आपल्या गर्दीमागोमाग. ५ ऑगस्ट २०२५ला गंगोत्रीच्या वाटेवर धरालीत खीरगाडच्या लोंढ्याने काही क्षणांत बाजारपेठ गाडली, तेव्हा अडकलेल्यांत महाराष्ट्रातलेही प्रवासी होते. गावाची ती बाजू खीरगाडनेच कधीकाळी पसरलेल्या पंख्यावर बांधलेली होती. पहाडी माणसाला हे माहीत नसतं असं नाही. त्याला मे-जूनचे दोन महिनेही माहीत असतात, ज्यांत वर्षाची कमाई करावी लागते. मागणी आपली, जोखीम त्याची. या हिशोबात आपण कुठे बसतो, ते आपल्याकडच्या यात्रा कंपन्यांच्या जाहिरातींत ‘मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर मुक्काम’ हे वाक्य किती मोठ्या अक्षरांत असतं त्यावरून कळतं.

मी यात्रा बंद करा म्हणत नाही. कुणी ऐकणारही नाही, आणि महाकालाच्या गावातल्या माणसाच्या तोंडी ते शोभणारही नाही. माझं म्हणणं एवढंच, की हिमालयातल्या प्रत्येक बांधकामाचा वाद आज दोन टोकांना अडकला आहे: एकीकडे विकास आणि संरक्षण, दुसरीकडे जंगल आणि पाणी. चारधाम रस्त्याच्या रुंदीवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२१मध्ये निकाल लागला, तोही मुख्यतः लष्कराची गरज आणि पर्यावरण यांच्या तराजूत. तिसरी बाजू, पायाखाली नेमकं काय आहे ही, बहुधा परिशिष्टात राहते. ज्या चढाच्या पायथ्याला कापून रस्ता रुंद करायचा तो चढ पाषाण आहे की हिमोढ, यावर त्याचं पुढचं शतक ठरतं. पाषाण कापला तर तो उभा राहतो, आपल्या घाटांत राहतो तसा, निदान बराच काळ. हिमोढाचा पाय कापला तर तो पुन्हा आपला उतार शोधत खाली येतो, दर पावसाळ्यात, आणि त्याला रोखायला बांधलेल्या भिंतीसकट येतो. दख्खनच्या ठेकेदाराची आणि दख्खनच्या प्रवाशाची इथेच फसगत होते. दोघांनाही पहार वाजल्याचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो; वाजलेली असते ती पिठात रुतलेली एखादी सुटी शिळा.

सिक्कीममध्ये आता तीस्ता-३ पुन्हा बांधायचं ठरतंय. जुनं धरण दगडभरावाचं, ६० मीटर उंच होतं. नव्या प्रस्तावात काँक्रीटचं, ११८ मीटरचं आहे, आणि जास्त मोठा पूर सांडव्यातून सोडता यावा अशी त्याची रचना आहे. पूर म्हणजे पाणी, असं धरून केलेलं हे गणित असेल तर ते बरोबर असेलही. पण २७ कोटी घनमीटर माल दरीतून खाली गेला, त्यातला पुष्कळसा अजून तीस्तेच्या पात्रात पडून आहे, पात्र वर उचललं गेलं आहे, आणि साउथ ल्होनाकच्या कडेला कोसळला नाही तो हिमोढ तिथेच उभा आहे.